दोन्ही घरचा पाहुणा

बुस्तामाम शिंपी वारले, त्यांचा चाळीसावा झाला, आणि मग त्यांच्या धाकट्या बहिणीने, रोस्नीदारने, त्यांच्या लेकीला, यार्निसला, निरोप धाडला. "तुझ्या आपाकचं सामान तसंच पडून आहे. इमामसाहेबांना विचारून ठेवलंय मी. मुलगा नाही, मुलगी एकटी. तेव्हा बापाच्या कमाईतलं अर्धं तुझं, अर्धं माझं. ये एकदा, दोघी मिळून आवरून टाकू."

यार्निसने निरोप ऐकून घेतला आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस काढले. आधी भाताची कापणी निघाली. मग धाकट्या लेकीची परीक्षा. बापाचं सामान आवरायला आत्याच्या दारात जायचं, ही गोष्टच तिच्या घशाखाली उतरत नव्हती. शेवटी तिचा नवरा, मारजोहान, एका सकाळी म्हणाला, "आज गाडीला भाडं नाही. पायाकुंबूला आत्याकडे जाऊन यायचं असेल तर सोडतो." मग सबब उरली नाही.

आपाकच्या बाबतीत यार्निसच्या मनात एक जुनी अढी होती. शाळा संपली त्या वर्षी तिला पादांगला जाऊन नर्सिंग शिकायचं होतं. जागाही मिळाली होती. त्याच वर्षी रोस्नीदारच्या मुलाला, जासरिलला, तांत्रिक शाळेत घालायचं निघालं. तिकडच्या रीतीने भाच्याला मामाने शिकवायचं, म्हणून आपाकनी त्याला शिकवलं. यार्निसला तिच्या मामाने शिकवायचं, पण तिचा मामा जाकार्ताला पोट भरायला गेला तो तिकडचाच झाला. आपाक एवढंच म्हणाले होते, "निस, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. लग्नाचा झगा आपाकनी स्वतः शिवला, त्यावरचं जरीचं काम रात्री जागून हाताने केलं. तिने तो अंगावर चढवला तेव्हा त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

भांडण असं कधी झालं नाही. भांडण व्हायला माणूस घरात असावा लागतो. तिकडे घर आईकडून लेकीला जातं आणि जावई येऊन राहतो; हे घर होतं यार्निसच्या आईचं, त्याआधी आजीचं. आपाक त्या घरात जावई म्हणून आले आणि जन्मभर जावईच राहिले. आजीपासून शेजारपाजारच्यांपर्यंत सगळी त्यांना लग्नात मिळालेल्या किताबाने 'सुतान' म्हणून हाक मारत. ते उजाडताच बाजारातल्या दुकानात जायचे, दिवे लागल्यावर यायचे, वाढलेलं मुकाट्याने जेवायचे. भात कमी पडला तरी मागितला नाही कधी.

मग यार्निसची आई गेली. तिचा शंभरावा दिवस झाला, आणि रोस्नीदार चार बायकांना बरोबर घेऊन, विड्याचं तबक आणि पिवळ्या भाताची परात घेऊन आपाकना न्यायला आली. बायको गेल्यावर जावयाचं त्या घरात काय उरतं? जावई म्हणजे खुंटावरची राख, वारा आला की उडाली, असं म्हातारी माणसं म्हणतच आली आहेत. हल्ली कितीतरी विधुर लेकीकडेच राहतात आणि कुणी नाक मुरडत नाही. पण न्यायला आलेल्यांशी बसून बोलावं लागतं. सगळ्या चटईवर बसल्या, विडे झाले, आणि रोस्नीदार म्हणाली, "आमच्या भावाला न्यायला आलो आहोत. घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

घरची म्हणजे यार्निस. आपाक दाराजवळ बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"आपाकना बरं वाटेल तसं," यार्निस म्हणाली.

जराशाने आपाक उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चला तर." त्यांचं सगळं सामान एका पिशवीत मावलं. तेव्हा यार्निसला त्याचं काही वाटलं नव्हतं. वर्ष-दीड वर्षाने ते बहिणीच्या घरीच, दोन दिवसांच्या तापाने गेले.

रोस्नीदारचं घर नदीपलीकडे. गाडी अंगणात शिरली तेव्हा ती पायरीवर मिरच्या निवडत बसली होती.

"आलीस? मला वाटलं माझाही चाळीसावा होऊ देतेस की काय."

"कापणी होती, एतेक," यार्निस आत्याला म्हणाली.

"कापणी काय तुमच्याच गावात होती? चल, आधी खाऊन घे. जावईबापू, तुम्हीही या."

मारजोहान "झालंय माझं" म्हणून गाडीतच बसला. यार्निसने हिरव्या मिरचीतले सुके मासे आणि भात चार घास खाल्ला आणि हात धुऊन म्हणाली, "सामान कुठल्या खोलीत आहे?"

"खोली कसली? इथेच." रोस्नीदारने पुढच्या लांबलचक पडवीतल्या एका खिडकीकडे हनुवटी केली. खिडकीखाली पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यावर वळकटी, सुतळीने बांधलेली. "खोली दिली होती मी. माझ्या धाकटीला बहिणीबरोबर घातली आणि तिची खोली रिकामी करून दिली. तर आमचा उदा, थोरला भाऊ, म्हणाला, रोस, मी सातव्या वर्षापासून सगळ्या पोरांसारखा मशिदीच्या ओसरीवर झोपलो, मग बायकोच्या घरी. आईच्या घरात मला खोली होती कधी, आता लागायला? इथे अंथरायचा. सकाळी आम्ही उठायच्या आत वळकटी बांधून ठेवलेली. एवढ्या वर्षांनी घरी आलेला भाऊ, पण सकाळी बघावं तर जागा अशी स्वच्छ, जणू कुणी झोपलंच नव्हतं."

दोघी ट्रंकेपुढे बसल्या. दोन सदरे निघाले, काजं हाताने केलेली. तीन लुंग्या. मखमलीची काळी टोपी. नमाजाची चटई. चष्मा, एक काडी दोऱ्याने बांधलेली. रोस्नीदारने एक लुंगी उचलली, नाकाशी नेली आणि पुन्हा घडी घालून ठेवली.

"धुतलेली आहे," ती म्हणाली. "स्वतःच धुवायचा. माझ्या लेकींना हात लावू द्यायचा नाही."

"एवढंच?" यार्निसने विचारलं. तिला वाटलं होतं, दिवसभर लागेल.

"बाकीचं तुझ्याकडे असेल ना."

"माझ्याकडे कसं असेल?"

"असं काय करतेस? आठवड्यातले तीन-चार दिवस तुझ्याकडेच तर असायचा. नातीशिवाय करमत नाही म्हणायचा. दर खेपेला मी डबा करून द्यायचे, निसला दे म्हणून. केळ्याचे काप, सुके मासे, मागे एकदा फणसाची भाजी."

यार्निसच्या हातात चष्मा होता. तिने तो ट्रंकेच्या झाकणावर ठेवला.

"एतेक, आपाक माझ्याकडे ईदला आले होते. त्याआधी एकदा, धाकटीला ताप होता तेव्हा. बस. राहिले तर एकही रात्र नाहीत."

"खोटं बोलू नकोस."

"मी कशाला खोटं बोलू? दोन्ही वेळा मीच म्हटलं, आज राहा. तर म्हणाले, नको, रोस दाराशी वाट बघत बसते."

"मी?" रोस्नीदार म्हणाली. "मी तर आठ वाजता झोपते."

आत कुणाचं तरी पोर रडत होतं, ते गप्प झालं. मग रोस्नीदार म्हणाली, "म्हाताऱ्याने दुसरी बायको केली होती की काय?" पण हे तिने थट्टेत म्हटलं की खरंच, ते तिचं तिलाही कळलं नसावं, कारण लगेच तिने डोक्यावर ओढणी घेतली. "चल, दुकान बघू. त्याची किल्ली माझ्याकडे आहे. तिथलं आवरायचं तर आहेच."

दुकान बाजाराच्या माडीवर, एका अरुंद बोळात होतं. यार्निस त्या जिन्याने लग्नाच्या झग्याचं माप द्यायला चढली होती, त्यानंतर आजच. शेजारच्या गाळ्यात एल्मी नावाची बाई लोंतोंग, म्हणजे फणसाच्या रश्शात घातलेल्या भाताच्या वड्या, विकते. ती पातेलं सोडून पुढे आली आणि दोघींचे हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटली. मारजोहानने लाकडी फळ्या एकेक करून काढल्या.

पुढे शिलाईचं मशीन होतं, काळं, पट्ट्याचं. भिंतीला गिऱ्हाइकांची कापडं गठ्ठे करून ठेवलेली. एका खुंटीवर कुणाचा तरी नवरदेवाचा कोट होता, एका बाहीला नुसता धावदोरा घातलेला. कोळशाची इस्त्री, गज, खडूचे तुकडे. बेतायच्या टेबलाला पुढून जुना पडदा लावलेला होता. रोस्नीदारने वाकून तो बाजूला केला आणि तशीच वाकलेली राहिली.

टेबलाखाली फळी घातलेली होती. फळीवर गोधडी, उशी. वरून मच्छरदाणी सोडलेली, अस्तराच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, जोडून जोडून शिवलेली, शिवण मात्र अशी सरळ की जोड शोधावा लागावा. उशापाशी रॉकेलची शेगडी, एक ताटली, एक पेला. आणि भिंतीशी रोस्नीदारचे पत्र्याचे डबे, घासूनपुसून एकावर एक ठेवलेले.

फळी आखूड होती. आपाक उंच होते. पाय पोटाशी घेतल्याशिवाय त्यांना तिथे झोपता आलं नसतं, हे बघणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं.

"इथे झोपायचे?" यार्निसने एल्मीला विचारलं.

"हो. बायकोचं घर सुटल्यापासून." एल्मी एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं? आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असेल. साऱ्या बाजाराला ठाऊक होतं."

"काही म्हणायचे?"

"ते काय म्हणणार? कमी बोलायचे. एकदा मीच म्हटलं, सुतान, दोन दोन घरं असताना इथे उंदरांत कशाला झोपता? तर म्हणाले, दोन्हीकडे माणसं चांगली आहेत गं. पण म्हातारा माणूस, रात्री पाण्याला उठतो. सगळ्यांची झोपमोड होते." तिने डब्यांकडे बघितलं. "डबा उघडला की मलाही द्यायचे. बहिणीने केलंय म्हणून सांगायचे. मासे झकास असायचे हो तुमचे."

रोस्नीदार स्टुलावर बसली. एल्मीला गिऱ्हाईक आलं, ती गेली. मारजोहान जिन्याच्या तोंडाशी उभा राहून उगीच खाली बघत होता.

"तू ठेवून घ्यायचं होतंस त्याला," रोस्नीदार म्हणाली.

यार्निस एकदम वळली. "मी? न्यायला कोण आलं होतं, एतेक? चार बायका आणि पिवळा भात घेऊन मी आले होते का?"

"आले, कारण यावं लागतं. कुणीच न्यायला आलं नाही तर लोक म्हणणार, या माणसाला मागे-पुढे कुणी नाही. माझ्या भावाला असं कुणी म्हणायला नको म्हणून आले."

"मग आलात आणि घेऊन गेलात."

"मी घेऊन जायला आलेच नव्हते, निस." रोस्नीदारचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला वाटलं, तू म्हणशील, एतेक, तुमचा मान आमच्या डोक्यावर, पण आपाक कुठेही जाणार नाहीत. मग मी दोन शब्द तोंडदेखले बोलले असते, थोडी रुसले असते, तुझ्याकडे जेवले असते आणि परत गेले असते. माझी परात तुझ्याकडे ठेवून. अशीच रीत असते ती. तू म्हणालीस, त्यांना बरं वाटेल तसं. आता त्यावर मी काय करायचं? घरी खोलीसुद्धा तयार नव्हती. तो येऊन पायरीवर बसला आणि आम्ही आत धावाधाव करून पोरीचं सामान हलवत होतो. त्याने ते बघितलं."

यार्निस म्हणाली, "मला हे कुणी सांगितलं नाही."

"हे सांगायचं असतं होय? तुझी आई असती तर तिने तुला मागून चिमटा काढला असता."

"आणि आपाक? त्यांनी का नाही तोंड उघडलं?"

"तो काय बोलणार? जावयाने म्हणायचं, मला ठेवून घ्या? बहिणीला म्हणायचं, मला नेऊ नकोस?" रोस्नीदारने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. "तो तुझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते."

आपाक बघत होते हे यार्निसला कुणी सांगायला नको होतं. दीड वर्षात ती नजर तिला कितीदा आठवली होती, आणि प्रत्येक वेळी तिने मनाशी म्हटलं होतं, जायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं त्यांनी. तिची अढी तिला जपून ठेवावीशी वाटली होती. नर्सिंगचं ते एक वर्ष तिने उराशी धरून ठेवलं होतं, आणि त्या चार शब्दांत तिने त्याचा हिशेब चुकता केला होता. शब्द अगदी सौम्य होते. म्हणून तर ते इतके लागले असणार.

मग दोघींनी आवरायला घेतलं, कारण आवरायचं होतंच. गिऱ्हाइकांची कापडं एल्मीकडे ठेवायची ठरली. ज्याचं तो येऊन नेईल. नवरदेवाचा कोट खालच्या मजल्यावरचा शिंपी पुरा करून देणार होता. इस्त्री आणि गज रोस्नीदारच्या वाट्याला, कात्र्या यार्निसच्या. एवढं झाल्यावर मशीनपाशी दोघी थांबल्या.

"हे तू ने," रोस्नीदार म्हणाली.

"अर्धं तुमचं आहे. जासरिलला विचारा आधी."

"विचारलं. काल फोन केला होता पकानबारूला. म्हणाला, निस उनीला हवं ते सगळं घेऊ दे. माझा वाटा मी उनीच्या आधीच घेऊन बसलोय."

"असं म्हणाला?"

"हो. मी म्हटलं, म्हणजे काय रे? तर म्हणाला, उनीला कळेल."

यार्निसने मशीनच्या चाकावर हात ठेवला. जासरिलशी ती कधी धड बोलली नव्हती. लग्नकार्यात भेटला तर तोंड फिरवायची. त्याला कारण ठाऊक असेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं, म्हणजे आपाकनीच सांगितलं असणार. एकदा सांगितलं की शिकत होता तोवर पुन्हा पुन्हा, देव जाणे. पण तिच्याजवळ ते काही बोलले नाहीत, आणि आता विचारायचं कुणाला?

उरली फळी, गोधडी, उशी आणि ती तुकड्यांची मच्छरदाणी. यार्निसने मच्छरदाणी सोडली आणि घडी घातली. पण ती कुठल्या ढिगावर ठेवायची ते ठरेना. तिने रोस्नीदारकडे बघितलं. रोस्नीदारने डबे गोळा करायला घेतले होते आणि तिच्याकडे बघायचं टाळत होती. शेवटी एल्मी दाराशी येऊन म्हणाली, "ते असू दे. मी लावते त्याची व्यवस्था." दोघींनी ते मुकाट्याने तिच्या हातात दिलं. पुढे तिने काय केलं ते यार्निसने कधी विचारलं नाही.

खाली उतरल्यावर रोस्नीदार म्हणाली, "रात्री घरी थांब. सकाळी जा."

"नको, एतेक. पोरी एकट्या आहेत."

"बरं." ती गाडीत चढली, तिच्या दारात उतरली, आणि उतरताना यार्निसच्या मांडीवर एक रिकामा डबा ठेवून गेली. "यात काहीतरी घालून परत कर. भावाच्या लेकीकडून मला आजवर काही आलेलं नाही." हे टोचून बोलणं होतं, पण त्यात बोलावणंही होतं. यार्निसने मान हलवली. ती जाईल की नाही, ते तिला त्या घडीला सांगता आलं नसतं.

घरी पोचेपर्यंत सांज झाली होती. मारजोहानने मशीनचं डोकं सोडवून दोन्ही हातांत धरून आत आणलं आणि तो बैठकीच्या मधोमध उभा राहिला.

"कुठे ठेवू?"

"ठेवा कुठेही," यार्निस म्हणाली.

"कुठेही म्हणजे? तू सांग."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वीस वर्षं हा माणूस या घरात राहत होता. दाराशेजारच्या एका खिळ्यावर त्याचं जाकीट होतं, खाली चपला. आतल्या तीन खोल्यांत त्याची अशी आणखी काय वस्तू आहे, ते ती आठवून बघायला लागली, आणि आठवेना.

"तुम्हाला कुठे बरं वाटतं?" तिने विचारलं.

तो हसला. त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय. "मला काय विचारतेस? घर तुझं."

तो काही मनात ठेवून बोलला नाही. भात झाला म्हणावं तितक्या सहज बोलला. यार्निस त्याला काहीतरी म्हणणार होती. पण इतक्या वर्षांत तसलं काही बोलायची सवय नव्हती, शब्द जुळेनात. तेवढ्यात आतून धाकटीने हाक मारली. मारजोहानने इकडेतिकडे बघितलं, जड मशीन सावकाश दाराजवळ भिंतीशी टेकवून ठेवलं, आणि हात पुसत तो गाडी आत घ्यायला बाहेर गेला.